गाविलगडावर आत्याबाईंबरोबर

दिवाळी झाली, कपाशीची पहिली वेचणी घरात येऊन पडली, तुरीला शेंगा धरल्या, की वऱ्हाडातल्या शेतकऱ्याला दोन दिवसांची उसंत मिळते. या दोन दिवसांत कोठे जावे असे मला कोणी विचारले तर मी शेगाव सांगत नाही. तिथे तुम्ही जाताच. मी सांगतो, अकोल्याहून अकोट धरा, अकोटहून अडगाव पाहून या, मग अंजनगाव, अचलपूर, परतवाडा करीत वर चिखलदऱ्याला चढा. दोन जिल्हे होतात आणि एक मुक्काम पडतो. बरोबर भाकरी, ठेचा आणि एक घोंगडी घ्या. डिसेंबरात वर थंडी चांगलीच पडते.

या वाटेने मी पुष्कळदा गेलो. पण आज सांगणार आहे ती खेप १९९९ च्या डिसेंबरातली. बरोबर माझ्या आत्याबाई होत्या. तेव्हा त्यांचे वय सत्तावन्न. कपाळावर रुपयाएवढे कुंकू, गळ्यात काळी पोत, आणि नवरा जाऊन सदतीस वर्षे झालेली. जाऊन म्हणजे काय, तेच तर सदतीस वर्षे आमच्या घरात कोणाला नीट बोलता आले नव्हते.

आत्याबाईंचे लग्न १९५९ मध्ये झाले. मामाजी, म्हणजे त्यांचे यजमान, फौजेत होते. सुटीवर येत तेव्हा मला खांद्यावर घेऊन मळ्यात नेत, एवढे मला आठवते. १९६२ च्या पावसाळ्यानंतर त्यांची पलटण नेफाकडे गेली. नेफा म्हणजे आजचा अरुणाचल प्रदेश. ऑक्टोबर-नोव्हेंबरात चीनशी लढाई झाली आणि थंडी सुरू होता होता आमच्या गावी तार आली. तार इंग्रजीत होती. ती शाळेच्या गुरुजींनी वाचली. तीत ‘मिसिंग’ असा शब्द होता. गुरुजी भला माणूस. त्यांना ‘बेपत्ता’ म्हणवले नाही. ते म्हणाले, “हरवले म्हणून लिहिलं आहे.”

आत्याबाईंनी तो शब्द पदरात बांधून घेतला. हरवलेले ढोर सापडते, हरवलेली माळ सापडते, मग माणूस का सापडू नये? त्या लढाईत आपले १,३८३ जवान मारले गेले आणि १,६९६ बेपत्ता झाले, असा सरकारी आकडा आहे. चीनने धरून नेलेले जवळजवळ चार हजार लोक १९६३ मध्ये परत आले. तेव्हा आमचे आबाजी रोज रेडिओपाशी बसत. त्या चार हजारांत मामाजी नव्हते. पुढे एक काळी ट्रंक आली. आत गरम कोट, वस्तरा, साबणाची डबी आणि आत्याबाईंनी कोणाकडून तरी लिहवून घेतलेली सात पत्रे. त्यानंतर कोणी तरी सांगितले की हरिद्वारला तुमच्या जावयासारखा एक बैरागी पाहिला. आबाजींनी सालभराची ज्वारी विकून हरिद्वार गाठले. बैरागी निघाला, जावई नव्हता.

आता ही वाट चालू लागू.

त्या वेळी अकोल्याहून अकोटला मीटरगेजची छोटी गाडी जात असे. तिच्या खिडकीतून रान पाहत जाणे हे मोठे सुख होते. २०१७ मध्ये ती बंद झाली आणि २०२२ च्या नोव्हेंबरपासून या मार्गावर मोठी गाडी सुरू झाली. पूर्णेच्या अलीकडे-पलीकडे खारपाणपट्टा आहे. विहिरीचे पाणी खारे, ते ना पिकाला ना माणसाला. पूर्णा ओलांडून अकोटच्या वर गेलात की सातपुड्याच्या पायथ्याची गोड्या पाण्याची जमीन लागते आणि केळीचे, संत्र्याचे मळे दिसू लागतात. डोंगराची निळी रेघ उजवीकडून डावीकडे सरळ ओढलेली असते. हे सारे तुम्हाला मी सांगायला नको, पण बाहेरगावी असणाऱ्या पोरांना जरूर दाखवा.

अडगाव अकोटच्या पश्चिमेला. अडगाव आणि सिरसोली यांच्यामधल्या सपाट काळ्या रानात २९ नोव्हेंबर १८०३ रोजी मोठी लढाई झाली. एका बाजूला नागपूरकर रघूजी भोसल्यांचे भाऊ व्यंकोजी आपली फौज घेऊन होते, त्यांच्या जोडीला शिंद्यांचे घोडदळ. दुसऱ्या बाजूला इंग्रजांचा सेनापती आर्थर वेलस्ली. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ मध्ये वॉटर्लूला त्याने नेपोलियनचा पाडाव केला. आमच्या शाळेच्या पुस्तकात वॉटर्लू होते, अडगाव नव्हते. बारा कोसांवरचे रान सोडून आम्ही युरोपातल्या गावाचे नाव पाठ केले.

लढाई दुपार कलल्यावर सुरू झाली. मराठ्यांच्या तोफांचा पहिला भडिमार असा होता की, दोनच महिन्यांपूर्वी असईला टिकून लढलेल्या इंग्रजांच्या तीन पलटणी फुटून मागे पळाल्या. वेलस्लीने स्वतः त्यांना फिरवून आणले. भोसल्यांच्या बाजूचे पायदळ दोन गोऱ्या पलटणींवर तुटून पडले आणि जवळजवळ सारेच तिथे कापले गेले. मग फौज मोडली. दिवस मावळला तरी इंग्रजांचे घोडदळ चांदण्यात पाठलाग करीत राहिले. ३८ तोफा इंग्रजांच्या हाती लागल्या. त्यांच्याकडचे मेलेले-जखमी साडेतीनशेच्या आसपास. ते मोजले गेले, अधिकाऱ्यांची नावे लिहिली गेली. मराठ्यांकडचे किती, याचा इंग्रजांनी केलेला अंदाज पाच हजारांपर्यंत जातो. नुसता अंदाज.

आम्ही गेलो तेव्हा त्या रानात बाया कापूस वेचीत होत्या. मी मास्तरकीच्या सवयीने आत्याबाईंना हे सगळे बांधावर उभे राहून सांगितले. वेलस्ली, तोफा, चांदणे, सर्व काही. त्यांनी ऐकून घेतले आणि विचारले,

“बापू, इथं मेले ते कोनाचे होते रे?”

“भोसल्यांचे, शिंद्यांचे.”

“तसं नाई. त्यायच्या घरी कोनं सांगतलं?”

मी इतिहास शिकवीत आलो, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. नागपूरच्या बाजूचा, माळव्याचा, आणखी कोठला कोठला शिपाई इथे पडला. त्या काळी तार नाही, पलटणीचे कार्यालय नाही. फौज मोडून पांगलेली. एखादा सोबती जिवंत घरी पोचला तर तो सांगणार. तोही मेला असेल तर? मग एक बाई दारात उभी राहून वाट पाहणार. जत्रेहून परतणाऱ्यांना विचारणार, वंजाऱ्यांच्या तांड्याला विचारणार. दिवस ठरत नाही म्हणून श्राद्ध नाही. पाच हजार माणसे एका संध्याकाळी पडली, पण पाच हजार घरांतली वाट पाहणी वेगवेगळ्या वर्षी संपली असेल, काहींची संपलीच नसेल.

मराठी मुलखाला हे नवे नाही. पानिपत १४ जानेवारी १७६१ ला झाले. सदाशिवरावभाऊ तिथे पडले. पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाई यांनी ते मानले नाही. त्यांनी कुंकू पुसले नाही. पुढे उत्तरेतून एक माणूस भाऊ म्हणून उभा राहिला आणि कितीएक शहाणीसुरती माणसे त्याच्या पाठीशी लागली. १७७६ मध्ये त्या तोतयाला देहान्त शिक्षा झाली. पार्वतीबाई १७८३ मध्ये वारल्या, त्या सौभाग्याच्या अलंकारांतच. बावीस वर्षे! त्यांना कोणी वेडी म्हणत असेल तर म्हणो. एवढ्या गर्दीने तोतयावर विश्वास ठेवला, कारण एवढ्या घरांतली माणसे परत यायची राहिली होती. आमच्या आबाजींचा हरिद्वारचा बैरागी तो हाच.

फार मागचेही नको. १९७१ च्या युद्धातले ५४ सैनिक व अधिकारी बेपत्ता आहेत आणि ते पाकिस्तानच्या तुरुंगांत असावेत, असे त्यांचे नातेवाईक वर्षानुवर्षे म्हणत आले. त्यांत फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. त्यांचे विमान ५ डिसेंबर १९७१ ला पाकिस्तानात पडले. पत्नी दमयंती तांबे या बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या. लग्नाला दीड वर्ष झालेले. त्यांनी दिल्लीत नोकरी केली, खेळ शिकवला आणि शोध सोडला नाही. २००७ मध्ये काही नातेवाइकांना पाकिस्तानातले तुरुंग पाहू दिले, त्यांत त्याही गेल्या. तिथून सारे रिकाम्या हाताने परतले.

अमेरिकेत पॉलिन बॉस नावाच्या अभ्यासक बाई आहेत. व्हिएतनामच्या लढाईत बेपत्ता झालेल्या वैमानिकांच्या घरच्या मंडळींत त्या १९७० नंतरच्या दशकात हिंडल्या. त्यांना असे दिसले की माणूस मेल्याचे कळले तर दुःखाला काठ असतो. मेला की आहे हेच कळत नसेल तर काठ सापडत नाही. घरातला कर्ता घरात नसतो आणि असतोही. त्याचे ताट वाढायचे की नाही, इथपासून भांडण सुरू होते. बाईंनी विद्यापीठात हे मांडले, पण आमच्या ओसरीवर आम्ही ते पाहत होतो आणि आम्हाला त्यातले काही कळत नव्हते.

आमच्याकडे भांडण घागरीवरून होई. अक्षय तृतीयेला आपण पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर मांडतो, आमरसाचा नैवेद्य दाखवतो. दरवर्षी माझी आई म्हणे, “जावयाच्या नावाचीही मांडू. तहानलेला जीव कोठे फिरत असेल.” आणि दरवर्षी आत्याबाई उठून मळ्यात निघून जात. “त्यायले कोनं पाह्यलं मरताना?” एवढेच त्या म्हणत. धर्मशास्त्र सांगते की परागंदा माणसाची बारा वर्षे वाट पाहावी आणि मग पळसाच्या पानांचा देह करून त्याला अग्नी द्यावा. भटजींनी १९७४ मध्ये ते सुचवले. मी तेव्हा अकोल्याला कॉलेजात होतो, नव्या शहाणपणाने भरलेला. मी म्हणालो, “आत्या, बारा कशाला? सात वर्षं खबर नसली तर माणूस मेला असं कायदाच धरतो.” त्या चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. पाचव्या दिवशी मला डबा बांधून दिला, पण बोलल्या नाहीत त्या नाहीतच. माझ्या तोंडून गेलेल्या वाक्यांपैकी जी परत घ्यावीशी वाटतात त्यांत ते पहिले.

लोक गाडगेबाबांचा दाखला देत. बाबा आपल्याच मुलखातले, अंजनगावाजवळच्या शेंडगावचे. कीर्तन रंगात असताना पोटचा मुलगा गेल्याची बातमी आली आणि बाबांनी कीर्तन थांबवले नाही, ही गोष्ट घरोघर माहीत आहे. ती गोष्ट खरीच मोठी. पण ती दुसऱ्याच्या तोंडावर फेकून मारायची नाही, एवढे मला आता कळते. बाबांनी स्वतःचे अश्रू आवरले, दुसऱ्या कोणा आईला रडू नको म्हणून दटावले नाही.

असो. अडगावहून आम्ही परत अकोटवरून अंजनगावकडे निघालो. अंजनगाव सुर्जीचे पानमळे रस्त्यावरून दिसतात. पुढे अचलपूर. जुन्या वऱ्हाडाची ही राजधानी. वेशीचे दरवाजे अजून उभे आहेत. इथे दूल्हा रहमानशहांचा दर्गा आहे. दूल्हा म्हणजे नवरदेव. लग्नाच्या पोशाखातच हा तरुण लढाईला निघून आला आणि इथे पडला, अशी आख्यायिका आहे. इतिहास म्हणून तिच्यावर फार भार टाकू नये. दर्ग्यात हिंदू-मुसलमान दोघेही जातात. आत्याबाई आत गेल्या नाहीत. बाहेर एका फुलवाल्यापाशी टेकल्या आणि त्यांनी त्यालाच विचारले, “नवरीचं मंग काय झालं?” फुलवाला हसला. म्हणाला, “माँजी, किस्से में दुल्हन का कोई नहीं पूछता.”

परतवाड्याला आम्ही जेवलो आणि घाटाची एसटी धरली. परतवाड्याहून चिखलदरा सुमारे तीस किलोमीटर. वर चढताना साग आणि पळस, मग मोकळे माळ. चिखलदरा समुद्रसपाटीपासून साडेतीन हजार फुटांहून उंच आहे. भीमाने कीचकाला मारून या दरीत टाकले म्हणून कीचकदरा, असे लोक सांगतात. महाराष्ट्रात कॉफी पिकते ती इथे. तलाव, देवी पॉइंट वगैरे तुम्हाला कोणीही दाखवील, त्यासाठी मी जागा घालवीत नाही.

गाविलगड चिखलदऱ्याहून चालत जाण्यासारखा आहे. सकाळी लवकर निघा. हे सारे रान मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पाचे, दिवस मावळता मावळता तिथे थांबू नका. मूळचा गवळ्यांचा गड, म्हणून हे नाव. पंधराव्या शतकात बहामनी सुलतान अहमदशहा वली याने तो दगडाने बांधून काढला. दरवाज्यावर दोन तोंडांचा गंडभेरुंड पक्षी कोरलेला आहे, तो मुलांना जरूर दाखवा. आत तळी आहेत, मशीद आहे, ओळीने पडलेल्या तोफा आहेत. बाहेरचा कोट आणि आतला कोट अशी दोन कवचे आहेत. गड पाहिला की वाटते हा कोणाला जिंकता येणार नाही.

अडगावची मोडलेली फौज पळून या गडावर आली होती. वेलस्लीने दक्षिणेकडून लढाईचे सोंग केले आणि त्याचा जोडीदार कर्नल स्टीव्हन्सन तोफा ओढीत डोंगरातून उत्तरेला गेला. रस्ता नव्हता. तो करीत करीत तोफा चढवल्या. उत्तरेकडूनच गडाला सपाटीची वाट आहे. तटाला भगदाडे पडली आणि १५ डिसेंबर १८०३ च्या सकाळी इंग्रज आत घुसले. आतला कोट शाबूत होता. कॅप्टन कॅम्पबेल शिड्या लावून तो चढला आणि त्याने आतून दरवाजा उघडला. गडाचा बचाव करणारा राजपूत बेनीसिंग दरवाज्यापाशी लढत पडला. त्याचे प्रेत इतर प्रेतांच्या ढिगाखाली सापडले.

आणि गडावरच्या बायका? शत्रूच्या हाती पडण्यापेक्षा मरण बरे, असे पुरुषांनी त्यांच्यासाठी ठरवून ठेवले होते. काही मारल्या गेल्या, काही जखमी होऊन वाचल्या. हे जिंकणाऱ्यांनीच लिहून ठेवले आहे. दोन दिवसांनी, १७ डिसेंबरला, देवगावला तह झाला आणि वर्धेच्या पश्चिमेचे वऱ्हाड भोसल्यांच्या हातून निजामाकडे गेले. कागदावर लढाई संपली. त्या वाचलेल्या बायांची कोठे संपली? बाप, नवरा, भाऊ एका सकाळी गेले होते आणि स्वतःच्या अंगावर स्वतःच्याच माणसांच्या हातची जखम होती.

हे सांगताना मी जरा अडखळलो. आत्याबाई तळ्याच्या काठी दगडावर बसल्या होत्या. त्यांनी पदर सारखा केला आणि म्हणाल्या, “वाचल्या त्यायचं कोनी लिहत नाई.”

खरे म्हणजे चिखलदऱ्याला न्या, असे त्यांनीच मला सांगितले होते. त्याचे कारण कारगिल. त्या उन्हाळ्यात टीव्हीवर तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या गावोगाव पोचताना दिसत. बासष्टला, पासष्टला, एकाहत्तरला असे क्वचितच झाले. बहुतेकांवर आघाडीजवळच अग्निसंस्कार होत आणि घरी तार व सामान येई. आत्याबाई टीव्हीपुढून हलत नसत. एकदा म्हणाल्या, “यायले घरी आनलं. यायच्या बायकायनं पाह्यलं तरी.” आणि मग, “बापू, मामाजी म्हनत होते का आपल्याकडं बी डोंगर हाय चिखलदऱ्याले, तुले नेतो. मले तो डोंगर दाखव.” नेफाचे डोंगर त्यांना दिसणार नव्हते. इथले तरी दिसावेत.

गडावरून उतरून आम्ही खालच्या एका कोरकू गावात चहा प्यायला थांबलो. तुम्ही मेळघाटात गेलात तर गावाच्या कडेला, झाडाखाली, सागाच्या कोरीव फळ्या उभ्या केलेल्या पाहा. त्यांना मुंडा म्हणतात. वर सूर्य आणि चंद्र, खाली घोडेस्वार. जुन्या फळ्या ऊनपावसाने करड्या होऊन झिजलेल्या असतात, नव्या अजून लाल असतात. दर फळी गेलेल्या माणसांची.

चहा देणाऱ्या म्हाताऱ्या बाबांनी सांगितले ते असे. माणूस मेला की त्याला लगेच माती देतात. पण त्याने त्याचे सारे झाले असे कोरकू मानीत नाहीत. जीव अजून घराभोवती असतो. पुढे सिडोली करायची. भाऊबंद बोलवायचे, जेवण घालायचे, गाणे-नाच करायचा, फळी उभी करायची, आणि मग तो जीव आपल्या वाडवडिलांत जाऊन बसतो. हे काही महिन्यांनी करतात, कधी काही वर्षांनी. धान्य-पैसा जुळला पाहिजे, माणसे जमली पाहिजेत. तेरावा दिवस गाठायची घाई नाही.

“वर्सानंतर केलं तरी चालते?” आत्याबाईंनी विचारले.

“चालते.”

“आन् तोवर?”

तोवर तो घरचाच, बाबा म्हणाले. त्याचे नाव घ्यायचे.

आत्याबाई बराच वेळ त्या फळ्यांकडे पाहत राहिल्या. मला वाटले रडतील. त्या रडल्या नाहीत. घोडेस्वाराच्या एका फळीवरची माती त्यांनी बोटाने काढली. मग आपणहून मामाजींविषयी बोलायला लागल्या. परतवाड्यापर्यंत एसटीत बोलत होत्या. त्यांना पुरणपोळी आवडत नसे, वांग्याचे भरीत आवडे. झोपेत हुकूम देत. पहिल्या सुटीत त्यांनी आत्याबाईंना सायकलवर बसवून पडावे म्हणून मुद्दाम खड्ड्यातून नेली होती. सदतीस वर्षांत यांतले आम्ही काहीही ऐकले नव्हते. विसर, विसर म्हणण्यात आम्ही विचारायचेच राहिलो होतो.

पुढल्या अक्षय तृतीयेला, म्हणजे २००० साली, सकाळी त्यांनी स्वतः कुंभाराकडून घागर आणली आणि मामाजींच्या नावाने मांडली. आमरस केला, शेजारी भरीतही ठेवले. भटजींना ते पटले नाही, पण गप्प राहिले. माझ्या आईने चाचरत विचारले, “वन्सं, मंग आता कुकू?” आत्याबाई म्हणाल्या, “घागर त्यायची हाय, कुकू माह्यं हाय.” आणि ते कुंकू शेवटपर्यंत राहिले.

त्यांचे दुःख त्या दिवशी संपले असे मी सांगणार नाही. नोव्हेंबर लागला की त्यांना झोप येत नसे, ते तसेच राहिले. पण ताटावरून भांडण गेले, आणि ट्रंक माळ्यावरून खाली येऊन त्यांच्या खाटेपाशी आली.

आता डॉक्टर मंडळीही मानू लागली आहेत की काही दुःखे लांबतात आणि माणसाला आतून पोखरतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या यादीत लांबलेल्या शोकाला वेगळी जागा मिळाली आहे. सहा महिने उलटून गेले, तरी रोजचे उठणे-बसणे, खाणे-झोपणे, कामधाम सावरत नसेल, जीव नकोसा वाटत असेल, तर त्यावर उपचार आहे आणि तो बोलण्यातून होतो. घरातले कोणी असे असेल तर जिल्हा रुग्णालयात मनाचे डॉक्टर असतात. १४४१६ हा टेलिमानसचा फुकट नंबर आहे, त्यावर मराठीत बोलता येते. फौजी घरांसाठी अमरावतीला आणि अकोल्याला जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे. पेन्शनच्या कागदापासून पोरांच्या शिक्षणापर्यंत तिथे विचारावे. पण सारेच लांबलेले दुःख म्हणजे आजार नव्हे, हेही ध्यानात असू द्या. आत्याबाई रोज पहाटे उठून शेण-पाणी करीत, निंदायला जात, माझ्या पोरांना अंगाखांद्यावर वाढवीत. त्यांना औषध नको होते. कोणी तरी मामाजींचे नाव विचारायला हवे होते.

त्या २०१७ मध्ये गेल्या. वय पंचाहत्तर. पुढल्या अक्षय तृतीयेला आमच्या घरात त्या दोघांच्या दोन घागरी आल्या. माझी आई तेव्हा ऐंशीची, भिंतीला टेकून बसली होती. सुनेने कळशी उचलली आणि विचारले, “आजी, आधी कोनाची भरू?”

आई म्हणाली, “दोन्ही संगच भर. लय दिसानं भेटून राह्यले.”